प्राचीन नाणेसंग्रह

प्राचीन नाणेसंग्रह : जुनी नाणी मिळवून, पारखून, त्यांचे वर्गीकरण करून ती नोंदींसह जतन करण्याचा छंद. केवळ धातूच्या मोलासाठी केलेला साठा आणि अभ्यासासाठी केलेला संग्रह या दोन भिन्न गोष्टी आहेत. साठ्यात नाण्याचे मोल त्यातील सोन्याचांदीवर ठरते. संग्रहात तांब्याचे झिजलेले नाणेही, त्यावर एखाद्या अज्ञात राजाचे नाव असल्यास, सुवर्णनाण्यापेक्षा मोलाचे ठरते. नाणकशास्त्राचा पाया अशा संग्रहांवरच उभा आहे. प्राचीन महाराष्ट्रात आणि विशेषतः गोदावरी व तापी या नद्यांच्या खोऱ्यांत ज्या राजवटी होऊन गेल्या, त्यांपैकी काहींची माहिती प्रामुख्याने नाण्यांवरूनच मिळते.

पूर्वपीठिका : नाणी जमविण्याची आवड फार जुनी आहे. रोमन सम्राट ऑगस्टस सणाच्या प्रसंगी जुनी व परदेशी नाणी भेटीदाखल देत असे, असा उल्लेख स्विटोनियसने केला आहे. चौदाव्या शतकात इटालियन कवी पीत्रार्क याने रोमन सम्राटांच्या प्रतिमा असलेली नाणी जमविली होती व त्यांतील काही सम्राट चौथा चार्ल्स यास १३५४ मध्ये नजर केली. त्यानंतरच्या काळात यूरोपातील राजघराण्यांत या छंदाला प्रतिष्ठा लाभली आणि तो ‘राजांचा छंद’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

भारतात नाण्यांविषयीचे आकर्षण वेगळ्या रूपाने दिसते. येथे नाणे आधी देव्हाऱ्यात आणि दागिन्यांत जपले गेले. रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती तेर, कोंडापूर इ. ठिकाणी सापडल्या असून त्यांतील काहींना अडकविण्यासाठी छिद्रे वा कडी आहेत. त्या गळ्यात घालण्यात येत असाव्यात. पुढील काळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे महाराष्ट्रात ‘पुतळी’ या नावाने रूढ झाले. त्यावरील मानवाकृतींमुळे त्यास हे नाव पडले व ‘पुतळ्यांची माळ’ हा मराठी स्त्रीचा एक प्रतिष्ठित अलंकार बनला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरातील जुने नाणे ताम्हनात ठेवून त्याची पूजा करण्याची चाल अद्यापि आहे. अनेक घरांत जुन्या मोहरा, होन व शिवराया या चालीमुळेच टिकून राहिल्या. ‘खणखणीत नाणे’, ‘खोटे नाणे’, ‘कवडीमोल’ यांसारखे भाषेत रुळलेले शब्दप्रयोगही नाण्याशी असलेल्या या जवळिकीची साक्ष देतात.

शास्त्रीय दृष्टीने नाणी जमविण्यास भारतात अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकात सुरुवात झाली. पश्चिम भारतात या कार्यात पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–८८) यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांनी क्षत्रपांच्या नाण्यांचा मोठा संग्रह केला. सोपारे येथील स्तूपाच्या १८८२ मधील उत्खननात त्यांना यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणे मिळाले. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा नाणेसंग्रह मृत्युपत्रानुसार ब्रिटिश म्युझियमकडे गेला. १९१० मध्ये अलाहाबाद येथे ‘न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत सरकारी अधिकारी व धर्मोपदेशक यांच्या जोडीला मुंबईचे फ्रामजी ठाणावाला हे संग्राहकही होते. अधिकारी, पाद्री, पंडित आणि व्यापारी अशा भिन्न थरांतील व्यक्तींना या छंदाने एकत्र आणले, हे यावरून दिसून येते.

आकर्षणाची कारणे : इतर पुरावशेषांच्या तुलनेत नाण्याची काही खास वैशिष्ट्ये आहेत. शिलालेख एका जागी असतो, ताम्रपट एका घराण्याकडे राहतो, मूर्ती देवळात असते. नाणे मात्र राजाच्या कोषागारापासून शेतकऱ्याच्या कनवटीपर्यंत फिरलेले असते. ते तळहातावर मावते आणि त्याच्या त्या लहानशा पृष्ठभागावर राजाचे नाव, त्याचे बिरूद, त्याची देवता, लिपी व क्वचित सालही आढळते. वीस शतकांपूर्वी जी वस्तू कोणी मोजून दिली व कोणी पारखून घेतली, तीच वस्तू आज हाती येते, ही जाणीव संग्राहकास मोह घालते.

दुसरे कारण बौद्धिक स्वरूपाचे आहे. प्राचीन नाणे हाताने पाडलेले असल्यामुळे त्यावर साच्यातील सर्व मजकूर क्वचितच उमटतो. एका नाण्यावर नावाची आद्याक्षरे, तर दुसऱ्यावर अंत्याक्षरे असतात. अनेक नाणी शेजारी ठेवून लेख पूर्ण करावा लागतो. पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या नावासोबत त्याच्या पित्याचे नाव असते व पुढील काळातील नाण्यांवर राजाच्या मस्तकामागे शक वर्षाचा अंकही आढळतो. यामुळे बाप, मुलगा, भाऊ, पुतण्या असा त्या घराण्याचा क्रम प्रामुख्याने नाण्यांवरूनच लावता आला. अशा कामात संग्राहकाच्या हातातील एखादे जादा नाणे वंशावळीतील रिकामी जागा भरून काढू शकते.

खानदेश व नाण्यांचे मार्ग : भडोचच्या बंदरातून दक्षिणेकडे पैठण व तेर येथे माल जात असे. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तानुसार पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर होते. दख्खनच्या पठाराकडे जाणाऱ्या व तापी ओलांडणाऱ्या मार्गांवर खानदेशाचे स्थान महत्त्वाचे होते. अपॉलोडोटस व मिनँडर या ग्रीक राजांची जुनी द्रम्म नाणी भडोचमध्ये अद्यापि चालतात, तसेच रोमन सोन्याचांदीची नाणी तेथे नफ्याने बदलून मिळतात, असे पेरिप्लसच्या कर्त्याने नमूद केले आहे. म्हणजे जुनी नाणी त्या काळीही बाजारात फिरत होती आणि त्यांवरील परकी लेख एका प्रवाशाच्या कुतूहलाचा विषय झाला होता.

नाण्यांच्या मूल्यव्यवस्थेचे एक कोष्टक भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथात आहे. त्यानुसार २० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म व १६ द्रम्मांचा १ निष्क होतो. या हिशेबाने एका निष्कास २०,४८० कवड्या पडतात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला व त्यास निकुंभ घराण्याने दाने दिली, असे तेथील शके ११२८ च्या सुमाराच्या शिलालेखावरून कळते. मात्र ग्रंथातील कोष्टक आणि प्रत्यक्ष चलन यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. तो बसतो किंवा नाही हे ठरविण्यासाठी त्या काळची नाणी हाती असावी लागतात व त्यांचे वजन करावे लागते.

नाणी जमिनीत का सापडतात, हे समजण्यास धरणगावचा इतिहास उपयोगी पडतो. जळगाव जिल्ह्यातील हे कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले जुने बाजारपेठेचे गाव सुरत व बऱ्हाणपूर या मोगल टांकसाळींच्या शहरांमधील पट्ट्यात वसले आहे. १६७४ मध्ये तेथे इंग्रजांची वखार होती. १६७५ मध्ये व पुन्हा १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने ही मोगल अमलाखालील पेठ लुटली. अठराव्या शतकाच्या अखेरच्या व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत खानदेशातील अनेक गावे उजाड झाली. ब्रिटिश अंमल आल्यानंतर १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगाव येथेच होते. पेढी व सावकार यांपलीकडे पैसा सुरक्षित ठेवण्याची सोय नसलेल्या काळात अशा गावांतील माणूस आपली पुंजी मडक्यात घालून चुलीखाली, भिंतीत किंवा शेताच्या बांधाला पुरत असे. संकट टळल्यावर जो परतला त्याने ती उकरून काढली. जो परतला नाही, त्याची पुंजी नाणेनिधी म्हणून शतकांनंतर नांगराच्या फाळाला लागते. प्राचीन काळातील निधींमागेही बहुधा अशीच कारणे असावीत.

जोगळटेंभी निधी : महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध नाणेनिधी नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडला. त्यातील १३,२५० चांदीच्या नाण्यांची पाहणी रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी केली व तिचा वृत्तांत १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. ही सर्व नाणी मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची होत. त्यांच्या पुरोभागावर राजाचे मस्तक व ग्रीक लिपीतील लेख, तर पृष्ठभागावर बाण व वज्र ही चिन्हे आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख आहेत. त्यांपैकी सु. ९,२७० नाण्यांवर, म्हणजे दर दहांपैकी सातांवर, गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला आहे : एका बाजूस चैत्य वा पर्वताची आकृती व स्वतःचे नाव आणि दुसऱ्या बाजूस तथाकथित उज्जयिनी चिन्ह. अनेक नाण्यांवर नव्या छापाखालून नहपानाचे नाक, ओठ किंवा नावातील अक्षरे डोकावतात.

जिंकलेल्या राजाचे चलन न वितळविता त्यावर आपली मुद्रा उमटविणे हे खर्चाच्या दृष्टीने सोयीचे होते. राजकीय दृष्टीने ती विजयाची घोषणा होती आणि ती प्रत्येकाच्या हाती पोहोचत होती. नाशिकच्या लेण्यांतील लेखांशी हा पुरावा तंतोतंत जुळतो. नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ७०,००० कार्षापणांच्या दानाचा उल्लेख असून ते ३५ कार्षापणांस १ सुवर्ण या दराने २,००० सुवर्णांएवढे असल्याचे म्हटले आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या व्याजाने २,००० कार्षापण व दुसरीकडे शेकडा पाऊण या व्याजाने १,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले होते. पुढे गौतमीपुत्राने आपल्या राज्यवर्ष १८ मधील लेखात उषवदाताच्या ताब्यात असलेले शेत भिक्षूंना दान दिले आणि त्याची माता बलश्री हिच्या लेखात त्यास क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा म्हणून गौरविले आहे. आईने केलेली मुलाची स्तुती अतिशयोक्त मानता आली असती. हजारो पुनर्मुद्रित नाण्यांनी ती खरी असल्याचे दाखवून दिले. या घटनेच्या नेमक्या कालाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु क्रमाविषयी शंका उरलेली नाही.

या निधीने आणखी एक प्रश्न उपस्थित केला. नाण्यांवरील मस्तके एकसारखी नाहीत. काही तरुण, तर काही वृद्ध दिसतात व चेहऱ्यांची ठेवणही बरीच वेगळी आहे. स्कॉट यांनी ही बाब निदर्शनास आणून ती एकाच कुटुंबातील निरनिराळ्या व्यक्तींची चित्रे असावीत, असे सुचविले. असा प्रश्न एका नाण्यावरून सुचत नाही. निधी एकत्र पाहावयास मिळाला म्हणूनच तो विचारता आला.

इतर महत्त्वाचे निधी : विदर्भात तऱ्हाळा (तत्कालीन अकोला, सांप्रत वाशिम जिल्हा) येथे १९३९ मध्ये सु. १,६०० सातवाहन नाणी सापडली. ती पोटीन या मिश्र धातूची असून दिसावयास सामान्य आहेत. तथापि वा. वि. मिराशी यांनी त्यांच्या वाचनातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी व शक सातकर्णी हे पुराणांतील वंशावळींत नसलेले राजे उजेडात आणले. नाशिक जिल्ह्यातील देवळाणे येथे कृष्णराज नावाच्या राजाची चांदीची नाणी सापडली होती. पृष्ठभागावर नंदी असलेली ही नाणी पूर्वी राष्ट्रकूट कृष्णाची मानली जात. ती सहाव्या शतकातील कलचुरी कृष्णराजाची आहेत, हे मत पुढे मान्य झाले. विशेष म्हणजे भोगशक्तीच्या अंजनेरी ताम्रपटांत, म्हणजे आठव्या शतकाच्या आरंभी, दंडाची रक्कम ‘कृष्णराज रूपकां’त सांगितली आहे. राजा जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, सत्ता बदलली, तरी त्याच्या नाण्यावरील विश्वास टिकून होता.

नाण्यांच्या अभ्यासाला गणिती शिस्त लावण्याचे काम मूळचे गोव्याचे असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांनी केले. चांदीच्या आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते, केवळ चिन्हे असतात. त्यामुळे त्यांचा कालक्रम लावणे अवघड होते. नाणे हातोहात फिरताना झिजते व जितका काळ फिरले तितके त्याचे वजन घटते, या साध्या तत्त्वावर कोसंबींनी तक्षशिला येथील निधीतील व इतर नाण्यांची वजने घेऊन त्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले. येथेही अट तीच होती : निधी अखंड हवा. सराफाच्या पेटीतून सुटी आलेली नाणी या पद्धतीस निरुपयोगी ठरतात.

संग्रहाची पद्धती : नाणे हाती आल्यावर त्याचा धातू, वजन, आकारमान, घडणीची पद्धत (आहत, साच्यात ओतलेले की ठशाने पाडलेले), दोन्ही बाजूंवरील चिन्हे व लेख आणि ते कोठे, केव्हा व कशासोबत मिळाले, यांची नोंद करतात. यांतील शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची असूनही तिचीच सर्वाधिक उपेक्षा होते. नाणी चिंच, राख किंवा आम्लाने घासून चकचकीत करण्याचा मोह नवशिक्यास होतो. त्यामुळे तांब्यावरील संरक्षक थर व त्यासोबत बारीक अक्षरे नष्ट होतात. बनावट नाण्यांचा प्रश्नही जुना आहे. ओतीव नकलेच्या कडेवर जोडाची रेघ दिसते, अक्षरांच्या कडा बोथट असतात व वजन प्रमाणापेक्षा कमीअधिक भरते. ठशाने पाडलेल्या चांगल्या नकला ओळखणे मात्र तज्ञांसही कठीण जाते.

कायदा व जतन : १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी जमिनीत सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. निधी बेवारस ठरल्यास व जमीनमालक आणि शोधणारा यांच्यात वेगळा करार नसल्यास शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व मालकास एक चतुर्थांश वाटा मिळतो. शासनास तो घ्यावयाचा असल्यास त्याच्या मोलाखेरीज त्याच्या एक पंचमांश इतकी जादा रक्कम द्यावी लागते. हा कायदा शोधणाऱ्याच्या हिताचा असला, तरी त्याची माहिती खेड्यांत फारशी नसते. उलट सापडलेले सर्व सरकारजमा होईल या भीतीने निधी रातोरात वाटून घेतला जातो व चांदी मुशीत जाते. १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची नाणी पुरावशेष ठरतात. त्यांच्या व्यापारास परवाना लागतो व खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

निधी वितळला म्हणजे धातू शिल्लक राहतो व इतिहास जातो. तो फुटून बाजारात गेला, तर नाणी राहतात, पण त्यांचा परस्परसंबंध जातो. जोगळटेंभीची नाणी मोजण्यापूर्वीच सराफांच्या हाती पांगली असती, तर नहपान व गौतमीपुत्र यांच्या संघर्षाचा सर्वांत भक्कम पुरावा काही सुट्या, न समजणाऱ्या नाण्यांच्या रूपात उरला असता. म्हणूनच संग्राहकाची भूमिका दुहेरी ठरते. त्याच्या मागणीमुळे नाण्यास धातूपेक्षा अधिक भाव येतो आणि ते मुशीतून वाचते. परंतु प्राप्तिस्थानाची चौकशी न करता तो खरेदी करू लागला, तर तीच मागणी निधी फोडण्यास उत्तेजन देते.

महाराष्ट्रात या विषयाच्या अभ्यासाची साधने हळूहळू वाढत गेली आहेत. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (सांप्रतचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) १९२२ मध्ये जनतेस खुले झाले व तेथील नाणेविभाग देशातील प्रमुख विभागांत गणला जातो. त्या विभागाचे काम पाहिलेले परमेश्वरीलाल गुप्त (१९१४–२००१) यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज’ ही संस्था स्थापन झाली. नाशिकजवळ अंजनेरी येथे, म्हणजे कृष्णराज रूपकांचा उल्लेख असलेले ताम्रपट ज्या गावी मिळाले तेथेच, तिचे कार्य चालते. खानदेशात वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळे येथे स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने कागदपत्रांसोबत मूर्ती, नाणी इ. वस्तूही जतन केल्या आहेत. राजवाडे यांनी गावोगाव फिरून दप्तरे मिळविली व ती प्रसिद्ध करून सर्वांस उपलब्ध केली. नाण्यांच्या बाबतीतही हीच रीत इष्ट ठरते. कपाटात बंद असलेले दुर्मिळ नाणे त्याच्या मालकापुरते असते. त्याचे वजन, छायाचित्र व प्राप्तिस्थान प्रसिद्ध झाल्यानंतर ते इतिहासाचे साधन बनते.